टेबलावरचा तांब्या

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

‘ताई, मी ४३ वर्षांची आहे. सिंहगड रस्त्यावर राहते. १९ वर्षं एका पतसंस्थेत आहे, या एप्रिलपासून व्यवस्थापक झाले. सप्टेंबरात वार्षिक सर्वसाधारण सभा आहे आणि अहवाल मलाच मांडायचा आहे. तीन-चारशे सभासद येतात. गेल्या वर्षी माझ्याकडे फक्त आभार प्रदर्शन होतं. कागद हातात थरथरायला लागला, घसा कोरडा पडला, चार नावं घेतली आणि पुढचं दिसेनाच. समोर टेबलावर तांब्या-भांडं होतं, पण “पाणी द्या” एवढंही म्हणवेना. कारण सांगते. माझं माहेर वेल्ह्याकडचं. सातवीनंतर पुण्यात मामाकडे शिकायला आले. वर्गात धडा वाचताना मी “पानी” म्हटलं, तेव्हा बाईंनी फळ्यापाशी उभं करून दहा वेळा “पाणी, पाणी” म्हणायला लावलं. सगळा वर्ग हसला. अजूनही घाईत माझा “ण” निसटतो. त्या दिवशी सभेत पहिल्या रांगेतले एक वयस्कर सभासद उठून म्हणाले, “ताई, आधी पाणी घ्या.” मी तशीच खाली बसले. रात्रभर रडले. मैत्रीण म्हणते, तिच्याकडे धडधड थांबवायची गोळी आहे, ती घे. मला थंडीत दम्याचा पंप लागतो, चालेल का? की हे पदच नको म्हणून सांगू? आणि आभार यंदाही माझ्याच नावावर लागलेत, ते तरी दुसऱ्या कुणाला देऊ का?’

प्रिय मैत्रिणी,

आधी गोळीचं बोलू. ती घेऊ नका. धडधड आणि हाताची थरथर कमी व्हावी म्हणून लोक एकमेकांना जी गोळी सुचवतात, ती बहुतेक वेळा प्रोप्रॅनोलॉल असते. रक्तदाब, हृदयाचे काही आजार, अर्धशिशी यांवर डॉक्टर ती देतात, मंचावरच्या भीतीसाठीही कधी कधी देतात. पण ती श्वासनलिका आवळू शकते, म्हणून दमा असलेल्या माणसाला ती देत नाहीत. तुमच्याकडे पंप आहे, म्हणजे हा प्रश्न इथेच संपला. मैत्रिणीचा हेतू चांगला आहे, पण तिच्या पाकिटातलं औषध तिच्यापुरतं.

पद सोडायचं का, यावर आज काही ठरवू नका. सभा होऊ द्या, मग बघू.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही विचारलंत भाषणाच्या भीतीबद्दल, पण पत्रात सगळ्यात जास्त जागा व्यापलीय ती एका अक्षराने. घसा सुकलेला असताना, तांब्या हाताच्या अंतरावर असताना, माणसाला पाणी मागता येऊ नये, कारण त्या शब्दात ‘ण’ आहे! हे वाचून मला फार वाईट वाटलं, आणि तुमच्या त्या बाईंचा रागही आला. त्यांना कदाचित तुमचं भलंच करायचं असेल. पण बारा वर्षांच्या, नुकतंच घर सोडून आलेल्या मुलीला त्यांनी त्या दिवशी उच्चार शिकवला नाही. लोकांसमोर तोंड उघडलं की हसं होतं, हे शिकवलं. ते तुम्ही इतकं नीट शिकलात की तीस वर्षांनंतरही विसरला नाहीत.

त्या अक्षराचं एकदाच सांगते. संस्कृतात मूळ शब्द ‘पानीय’ आहे, म्हणजे ‘न’चाच. प्राकृतात त्याचा ‘ण’ झाला आणि तो प्रमाण मराठीत राहिला. वेल्हं, मुळशी, मावळ, भोर इकडे माणसं पिढ्यान्‌पिढ्या ‘पानी’ म्हणत आली आहेत आणि एकमेकांना त्यांचं नीट कळतं. प्रमाण भाषा लिहिता-बोलता यावी, तिचा उपयोग आहे, हे मीही मानते. पण ती येते की नाही यावर माणसाची अक्कल मोजायची पुण्यात जी खोड आहे, ती अन्यायाची आहे. तुमच्या सभासदांना त्यांच्या ठेवी सुरक्षित आहेत का, हे तुमच्याकडून ऐकायचं आहे. ‘ठेवी’ या शब्दात ‘ण’ नाहीही.

आता त्या दिवशी शरीरात काय झालं ते पाहू. आपण वेडे होतो आहोत असं तुम्हाला वाटलं असणार. तसं काही झालं नव्हतं. शेकडो डोळे एकदम आपल्याकडे वळले की मेंदू ते संकट धरतो. मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनलिन सोडतात. हृदय जोरात पळायला लागतं. रक्त पळण्या-लढण्याच्या मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून बोटं गार पडतात. लाळ कमी होते, म्हणून जीभ टाळूला चिकटते. श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो, आणि आवाजाला लागते हवेची संथ धार, ती न मिळाल्याने तो कापतो. लक्ष आकसतं, म्हणून यादीतलं पाचवं नाव डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. हे सगळं वाघ समोर आल्यावर उपयोगाचं आहे. मंगल कार्यालयात नाही, पण शरीराला तो फरक कळत नाही.

शास्त्रज्ञांना प्रयोगशाळेत माणसावर ताण आणून बघायचा असतो तेव्हा ते काय करतात, माहीत आहे? जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९३ मध्ये एक पद्धत मांडली, ती जगभर अजून वापरतात. माणसाला थोडा वेळ तयारीला देतात आणि मग परीक्षकांसमोर पाच मिनिटं बोलायला उभं करतात. परीक्षकांना ताकीद असते की हसायचं नाही, मान डोलवायची नाही. त्यानंतर तोंडी वजाबाक्या करायला लावतात. एवढ्यानेच धडधाकट माणसांचं ताणाचं संप्रेरक चढतं. म्हणजे दगडी चेहऱ्यांसमोर बोलणं आणि आकडे सांगणं! तुमची सर्वसाधारण सभा याहून वेगळी नसते. तुम्ही दुबळ्या आहात म्हणून हे होत नाही.

मग काही जण तरी सहज कसे बोलतात? धडधड त्यांनाही होते. मला दिसणारा फरक एवढाच आहे की ते ती लपवत बसत नाहीत. तुम्ही त्या दिवशी एकाच वेळी तीन कामं करत होतात. आभार मानत होतात, हात कापतोय हे लपवत होतात, आणि प्रत्येक शब्द तोंडातून बाहेर पडण्याआधी त्यात ‘ण’ आहे का ते तपासत होतात. शिवाय पहिल्या रांगेत बसून स्वतःकडे बघतही होतात. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये हेच मांडलं, की अशा भीतीत माणसाचं लक्ष समोरच्यांवरून उठून स्वतःवर खिळतं, आपण कसे दिसत असू याचं चित्र तो मनात रंगवतो आणि तेच खरं मानतो. त्यात दोष झाकायच्या युक्त्या करतो. कागद घट्ट धरतो, भरभर बोलतो, खाली बघतो. त्या युक्त्यांनीच बोलणं बिघडतं. घट्ट धरलेला कागद जास्त थरथरतो, हे तुम्ही अनुभवलंच आहे.

आणि ते चित्र खोटं असतं. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये दाखवलं की बोलणाऱ्याला आपली घाबरगुंडी जितकी उघडी पडली असं वाटतं, तितकी ती ऐकणाऱ्यांना दिसत नाही. त्यांनी काही जणांना बोलण्याआधीच ही गोष्ट समजावून सांगितली. ती माणसं इतरांपेक्षा चांगलं बोलली, त्यांच्या स्वतःच्या मते आणि ऐकणाऱ्यांच्याही मते. म्हणून मी तुम्हाला हे मुद्दाम सांगते आहे. तुमच्या छातीतला ढोल तुम्हालाच ऐकू येतो. तिसऱ्या रांगेतला सभासद त्या वेळी अल्पोपाहाराचा वास कुठून येतोय ते बघत असतो.

गेल्या वर्षी एक गोष्ट मात्र नुकसानीची झाली. भीती टोकाला असताना तुम्ही खाली बसलात. बसल्याबरोबर सुटल्यासारखं वाटलं असेल. मेंदूने नोंद केली, पळालो म्हणून वाचलो. पुढच्या खेपेला तो आणखी लवकर घंटा वाजवतो. ही भीती उभं राहण्याच्या आधी आणि पहिल्या मिनिटात सगळ्यात जास्त असते, त्यानंतर ती बहुधा आपली आपण उतरायला लागते. तुम्ही उतार सुरू व्हायच्या आत निघालात, त्यामुळे तो असतो हे तुम्हाला अजून माहीतच नाही.

मला हे कळायला उशीर झाला. मी २६ वर्षांची असताना माझ्या शिक्षकांची शोकसभा होती. माझ्यावर त्यांचे फार उपकार होते. नाव पुकारलं, उभी राहिले, ‘सरांनी मला’ एवढं म्हटलं आणि हात जोडून परत जागेवर आले. लोकांना वाटलं, दुःखाने कंठ दाटला. खरं कारण मला माहीत होतं. मी शब्दांना घाबरले होते, वाक्य चुकेल म्हणून. त्यांच्या पत्नीला जे ऐकायला हवं होतं ते माझ्यापाशी होतं आणि मी ते दिलं नाही. त्या आता नाहीत. लपवण्याची एवढी मोठी किंमत द्यावी लागते, म्हणून मी तुम्हाला आग्रहाने लिहिते आहे.

आपल्याकडे बोलायला शिकवतात तेही उलट्या बाजूने. पंधरा ऑगस्टला ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो’ पासून शेवटच्या ‘जय हिंद’पर्यंत सगळं पाठ. एक शब्द सांडला की पुढची माळ तुटते. पाठांतराचं बक्षीस मिळतं, बोलण्याचं क्वचितच. याच पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ती चालवणाऱ्या संस्थेचं नाव वक्तृत्वोत्तेजक सभा. नावात ‘उत्तेजक’ आहे. बोलण्याला उत्तेजन द्यावं लागतं, हे त्या पिढीला ठाऊक होतं. मराठीतला ‘सभाधीट’ हा शब्दही मला आवडतो. त्यात धिटाई आहे. शुद्धलेखन नाही.

गांधीजींचं उदाहरण देते, कारण त्यात तुमच्या कामाचं काहीतरी आहे. बॅरिस्टर होऊन आल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात ते पहिल्या खटल्याला उभे राहिले आणि साक्षीदाराला एक प्रश्नही विचारू शकले नाहीत. डोकं गरगरलं, खाली बसले, अशिलाचे पैसे परत दिले. हे त्यांनीच लिहून ठेवलंय. नंतर १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला त्यांनी हिंदी व्यापाऱ्यांसमोर भाषण केलं, आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण म्हणता येईल असं. विषय होता व्यापारातला खरेपणा. मला वाटतं, कोर्टात त्यांचं लक्ष आपण बॅरिस्टर शोभतो का याकडे होतं. प्रिटोरियात समोरच्या माणसांना सांगण्यासारखं त्यांच्याजवळ काही होतं. तुमच्याजवळही आहे. चारशे घरांच्या पैशांचा हिशोब आहे, तोही १९ वर्षं स्वतःच्या हाताने लिहिलेला.

आता कामाला लागू. सप्टेंबरला अजून वेळ आहे.

अहवाल छापून सभासदांच्या हातात असतोच. तो पहिल्या ओळीपासून वाचून दाखवायचा हट्ट धरू नका. अध्यक्षांशी बोलून ठेवा की तुम्ही त्यातलं मुख्य तेवढं सांगाल: ठेवी किती झाल्या, कर्जवाटप किती, थकबाकी किती आणि तिचं काय करतो आहोत, लाभांश किती सुचवलाय. चार आकडे, मोठ्या अक्षरात, एका जाड पुठ्ठ्यावर. सुटा कागद हातात नको, तो हाताची बारीक थरथर दहापट करून दाखवतो. मधली वाक्यं पाठ करू नका. काउंटरवर एखाद्या आजोबांना समजावता तशी बोला. फक्त पहिलं वाक्य घोटून ठेवा, कारण त्या क्षणी डोकं चालत नाही, जीभ चालावी लागते. छोटं असू द्या. ‘नमस्कार. गेल्या वर्षी आपल्या ठेवी इतक्या होत्या, यंदा इतक्या आहेत.’ बास.

सराव मोठ्याने करायचा, मनातल्या मनात केलेला धरायचा नाही. तुम्ही सिंहगड रस्त्याला राहता, तळजाई जवळ आहे. सकाळी टेकडीवर जा आणि झाडांना थकबाकी सांगा. फिरणारी माणसं वळून बघतील. बघू द्या, तोही सरावच आहे. मग ऑफिसात शिपाई आणि दोन क्लार्क यांच्यासमोर, उभं राहून. मग संचालक मंडळाच्या मासिक बैठकीत, बसल्या जागेवरून सांगता ते उठून. प्रत्येक पायरीवर भीती येईल. ती थोडी उतरेपर्यंत थांबायचं, मगच बसायचं. हा एकच नियम पाळा, बाकी मागेपुढे झालं तरी चालेल.

या सरावात एक गोष्ट माझ्यासाठी करा. निदान एकदा तरी जाणूनबुजून ‘पानी’ म्हणा. ‘लोणी’ऐवजी ‘लोनी’ म्हणा. क्लार्क मंडळींसमोर म्हणा. आणि काय होतं ते बघा. तीस वर्षं ज्या हसण्याला तुम्ही घाबरलात, ते येतं का? बहुतेक कुणाचं लक्षही जाणार नाही. हे मी कितीही लिहिलं तरी तुमचं मन मानणार नाही, त्याला स्वतः पाहावं लागेल.

सभेच्या दिवशी अर्धा तास आधी जा. रिकाम्या मंचावर उभ्या राहा, माइकवाल्याला सांगून दोन वाक्यं बोलून बघा. माइक स्टँडवरचा घ्या. जेवण हलकं, चहा नेहमीइतकाच. पंप पर्समध्ये. नाव पुकारण्याआधी श्वास जितका आत घेता त्याच्या दुप्पट वेळ बाहेर सोडा, पाच-सहा वेळा. बाहेर सोडताना हृदयाची गती थोडी उतरते, हे शरीराचंच गणित आहे. ‘शांत हो’ असं स्वतःला दटावू नका, दौडणारं हृदय त्याने थांबत नाही. ‘मला हे सांगायचंय’ असं म्हणा. उभ्या राहिल्यावर लगेच सुरू करू नका. पाणी प्या. सगळ्यांसमोर, सावकाश. मग बोला. आवाज कापला तर कापू द्या, बोलत राहा. वाटलंच तर सांगून टाका, ‘पहिल्यांदाच अहवाल मांडते आहे, थोडी धडधड होतेय.’ लपवायचं काही उरलं नाही की दोन्ही हात मोकळे होतात.

राहिले प्रश्न. मला वाटतं, अहवालापेक्षा तुम्हाला त्यांचीच धास्ती जास्त असणार. आवाज चढवून थकबाकीवर विचारणारा माणूस बहुधा स्वतः घाबरलेला असतो. पतसंस्था बुडाल्याच्या बातम्या त्याने वाचलेल्या असतात आणि मुलीच्या लग्नाची ठेव तुमच्याकडे असते. त्याचा प्रश्न लिहून घ्या, पुन्हा मोठ्याने वाचा, मग उत्तर द्या. एवढ्यात तुम्हालाही श्वास मिळतो आणि त्यालाही आपलं ऐकलं गेलं असं वाटतं. उत्तर हाताशी नसेल तर ‘हा आकडा आत्ता माझ्यापाशी नाही, आठ दिवसांत लेखी देते’ असं म्हणा, आणि खरोखर द्या.

हे सगळं करूनही भीती हटली नाही, किंवा ती आता काउंटरवर, फोनवर, चारचौघांत जेवताना यायला लागली, रात्रीची झोप जायला लागली, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. या भीतीवर चांगले उपचार आहेत. विचार तपासून पाहणं आणि पायरीपायरीने सामोरं जाणं, हेच तिथे नीट देखरेखीखाली करून घेतात. केंद्र सरकारची टेली-मानस ही मदतवाहिनी १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. त्या रात्रीसारखी एकटीने रडण्याची वेळ आली तर तो नंबर फिरवा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. नाही, आभार दुसऱ्या कुणाला देऊ नका. यादी मात्र अध्यक्षांना विचारून आधीच छोटी करा आणि नावं मोठ्या अक्षरात लिहा. सभागृह झाडणाऱ्या मावशी आणि खुर्च्या लावणारी मुलं यांच्यापासून सुरुवात करा, त्यांची नावं तुम्हाला पाठ असतीलच. शेवटचं नाव त्या वयस्कर सभासदांचं घाला. ते उठून बोलले तेव्हा सगळी सभा तुमच्याकडे बघायला लागली असं तुम्हाला वाटलं, म्हणून तुम्ही ते अपमानात धरलंत. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. चारशे माणसांत एकाच माणसाने तुमचा सुकलेला घसा ओळखला आणि त्याचं म्हणणं एवढंच होतं की आधी पाणी घ्या. त्यांच्याकडे बघून म्हणा, ‘काका, गेल्या वर्षी तुम्ही मला पानी घ्या म्हणालात, ते राहिलं होतं. तुमचे आभार.’ आणि तांब्यातलं पाणी भांड्यात ओता.